टीव्हीवरचं गाणं तिथेच गायलेलं असतं का, आणि तीन कॅमेऱ्यांत तसा कार्यक्रम कसा करायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतायत. दिवाळीनंतर मराठी-कन्नड गाण्यांचा अडीच तासांचा कार्यक्रम गावात करायचा, मग त्याचा तासाभराचा भाग तयार करून स्थानिक केबलवर आणि यूट्यूबवर दाखवायचा. बेळगावचे तीन कॅमेरेवाले ठरलेत, वाद्यवृंद ओळखीतला आहे. अर्धं मंडळ म्हणतंय, "टीव्हीवाले सगळं आधी स्टुडिओत भरून घेतात आणि स्टेजवर नुसते ओठ हलवतात, आपणही तेच करू." उरलेलं अर्धं म्हणतंय, "तसं केलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही." आणि तुम्ही विचारताय की यातलं बरोबर कोण.

मी बेळगावचीच. मुंबईत आणि हैदराबादेत गाण्यांच्या कार्यक्रमांच्या कंट्रोल रूममध्ये बसून कॅमेरे कट करण्यात बरीच वर्षं गेली, आता वडगावात राहून याच भागातले कार्यक्रम करते. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्यापुढचा खरा प्रश्न लाइव्ह की ट्रॅक हा नाही. समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला ऐकू येणारा आवाज आणि टीव्हीवर जाणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या यादीत दुसऱ्या आवाजाचा माणूसच नाही. तीन कॅमेरेवाले आहेत, लाइटवाला आहे, मंडपवाला आहे, सूत्रसंचालकाच्या फेट्याचाही खर्च धरलाय. टीव्हीचा आवाज कोण बघणार, त्याला जागा नाही.

आधी टीव्हीचं सांगते, म्हणजे तुमचं भांडण मिटेल. गाण्याच्या स्पर्धांमध्ये मुलं बहुतेक वेळा तिथेच गातात आणि वादकही तिथेच वाजवतात. पण तुम्ही घरी ऐकता ते त्या क्षणी हॉलमध्ये ऐकू आलेलं नसतं. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर भरला जातो: गळा एक, तबला एक, डग्गा एक, ढोलकी, बासरी, कीबोर्डचे दोन, प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन-चार. मोठ्या वाद्यवृंदात चाळीस-पन्नास ट्रॅक सहज होतात. मग स्टुडिओत बसून कोणीतरी शांतपणे ते मिसळतो. एखादा स्वर किंचित खाली लागला असेल तर तो सॉफ्टवेअरने जागेवर आणता येतो. एखादी ओळच घसरली असेल तर ती पुन्हा गाऊन घेतात आणि जोडतात, त्याला आम्ही पॅचवर्क म्हणतो. हे किती करायचं ते चॅनेलवर, दिग्दर्शकावर आणि हातात उरलेल्या वेळेवर अवलंबून असतं.

पुरस्कार सोहळे किंवा सणाचे विशेष कार्यक्रम असतात, ज्यात गायिका नाचणाऱ्यांच्या रांगेतून चालत येते, तिथे गळा बहुधा आधीच भरलेला असतो. त्याची कारणं साधी आहेत. नाचणाऱ्यांना तालमीतली लय जशीच्या तशी लागते, स्टेजवर वादक बसवायला जागा नसते, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सगळे माइक तपासायला सवड नसते. तिसरा प्रकार अधलामधला: वाद्यं ट्रॅकवर, गळा खरा. हल्ली हा सर्रास दिसतो.

तेव्हा तुमच्या मंडळातले दोन्ही गट थोडे थोडे बरोबर आहेत. पण ओठ हलवण्याचा मार्ग सोपा म्हणून निवडत असाल तर थांबा. ओठ हलवणं हे वेगळं कसब आहे. सिनेमातले नट ते शिकलेले असतात, आपले गायक नसतात. श्वास चुकीच्या जागी घेतला जातो, तान वर जाताना मानेची शीर हलत नाही, आणि हौशी गायक तर मुखडा परत आला की आपोआप वेगळी हरकत घेतो. लांबून चालून जातं. जवळच्या शॉटमध्ये लहान मूलसुद्धा ओळखतं. माझा सल्ला: गळा आणि मुख्य वाद्यं खरी ठेवा. नाचाची जी दोन-तीन गाणी असतील तेवढ्यांना ट्रॅक वापरा आणि त्यात कॅमेरा नाचणाऱ्यांवर ठेवा.

आता आवाज. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडचे कार्यक्रम इथेच फसतात.

हॉलचा साउंडवाला हॉलसाठी मिसळतो आणि तेच त्याचं काम आहे. छोट्या सभागृहात ढोलकी आपली आपणच कानठळ्या बसवते, म्हणून तो मिक्सरवर ढोलकी जवळजवळ उघडतच नाही. गळा मात्र पूर्ण वर असतो. समोर बसलेल्याला सगळं प्रमाणात ऐकू येतं. पण त्याच मिक्सरच्या मेन आउटपुटमधून तुम्ही रेकॉर्डिंग घेतलं की गळा आभाळात आणि ढोलकी शेजारच्या गल्लीत, असा प्रकार होतो. मग एडिटिंगला बसलेला मुलगा म्हणतो की ढोलकी वाढवता येत नाही, कारण ती वेगळी नाहीच. लोक मला अशा फायली आणून देतात आणि म्हणतात, काहीतरी करा की. काही करता येत नाही.

म्हणून साउंडवाला ठरवताना पहिला प्रश्न विचारा: मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइक वेगळा भरलेलं रेकॉर्डिंग, मिळेल का? अनेक डिजिटल मिक्सरमधून एका यूएसबी केबलने बत्तीस चॅनेल थेट लॅपटॉपवर घेता येतात. फेडरच्या (मिक्सरवर आवाज वर-खाली करणाऱ्या सरकत्या बटणाच्या) आधीचा सिग्नल घ्यायला सांगा, म्हणजे हॉलमध्ये त्याने फेडर कितीही वर-खाली केला तरी तुमच्या ट्रॅकवर फरक पडणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओला ४८ च लागतं, सीडीचं ४४.१ नको. बत्तीस ट्रॅक भरले तर तासाला साधारण साडेसोळा जीबी जागा जाते, अडीच तासांना चाळीसच्या वर. तेव्हा लॅपटॉपमध्ये शंभर जीबी मोकळी ठेवा आणि त्या दिवशी त्याचं इंटरनेट बंद करा, नाहीतर नेमका अंतऱ्यात तो अपडेट घ्यायला बसतो. पातळी कमी ठेवून भरा. तार सप्तकातली सगळ्यात जोरकस जागासुद्धा मीटरवर उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. हळू भरलेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. शिवाय मेन आउटपुट एका हातातल्या रेकॉर्डरवर वेगळं घ्याच. लॅपटॉप बसला तर निदान काहीतरी हातात राहील.

प्रेक्षकांचे माइक विसरू नका. स्टेजच्या दोन्ही कडांना, स्पीकरच्या मागच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून दोन माइक लावा. हे हॉलच्या स्पीकरमध्ये सोडायचे नाहीत, फक्त भरून घ्यायचे. यांच्याशिवाय तुमचा कार्यक्रम बंद खोलीत झाल्यासारखा वाटतो. टाळ्या दिसतात पण ऐकू येत नाहीत. टीव्हीवर जो भारलेपणा वाटतो त्यातला निम्मा या माइकांचा असतो, आणि हो, कधी कधी कार्यक्रमाआधी वेगळ्या वाजवून घेतलेल्या टाळ्यांचाही. तुमच्याकडे त्याची गरज पडणार नाही. आपल्याकडचा माणूस अभंगाला हात आखडता घेत नाही.

यापुढचा मुद्दा बारीक आहे, पण महत्त्वाचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमचा मधला कॅमेरा स्टेजपासून पंचवीस मीटर मागे असेल तर त्याच्या माइकपर्यंत गाणं पोचायला सात शतांश सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे चार शतांश सेकंद. म्हणजे मागच्या कॅमेऱ्याचा आवाज जवळजवळ दोन फ्रेम उशिराचा असतो. एडिटर मिक्सरचं रेकॉर्डिंग त्या आवाजाशी जुळवतो आणि ओठ-आवाज किंचित सुटलेले राहतात. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण 'हे डब केलंय वाटतं' असं तो म्हणतो. खरं गायलेलं गाणं खोटं ठरतं ते असं. उपाय: प्रत्येक गाण्याआधी एका मुलाला स्टेजवर माइकपुढे उभं करून, तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक ठळक टाळी वाजवायला लावा. एडिटरने हात मिटलेली फ्रेम आणि मिक्सरवरचा ठोका जुळवायचा, कॅमेऱ्याच्या माइककडे बघायचंच नाही. प्रत्येक गाण्याला टाळी अशासाठी की कॅमेरा आणि लॅपटॉप यांची घड्याळं वेगवेगळी चालतात, तासाभरात दोन-तीन फ्रेमचा फरक सहज पडतो. मोठ्या सेटवर हे काम टाइमकोड करतो, म्हणजे सगळ्या यंत्रांना दिलेली एकच वेळ. आपल्याला टाळी पुरते.

वीज. लाइट एका फेजवर, साउंड दुसऱ्यावर, आणि अर्थिंग तपासलेलं. डिमर (दिवे मंद करायचं यंत्र) आणि मिक्सर एका लाइनवर आले की सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये हमिंग बसतं. हेस्कॉमची लाइन एक मिनिट गेली आणि जनरेटर लगेच आला तरी डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग तुटतं. म्हणून मिक्सरला यूपीएस हवाच, घरचा चालेल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: गळा खरा, मल्टिट्रॅक वेगळा, प्रेक्षकांचे माइक, प्रत्येक गाण्याला टाळी, मिक्सरला यूपीएस. पैसे कमी पडले तर तिसरा कॅमेरा रद्द करा, यातलं काही रद्द करू नका.

आता सूर आणि गाण्यांचा क्रम. तुमच्या यादीत गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावलेली दिसतात: देवाचं, मग भावगीत, मग लावणी, मग कन्नड जानपद म्हणजे लोकगीत, पुन्हा भावगीत. कागदावर छान दिसतं. पण तुमचा गायक काळी एकमध्ये गातो (म्हणजे पेटीची ती पट्टी सा धरून) आणि गायिका काळी चारमध्ये, असं तुम्हीच लिहिलंय. प्रत्येक गाण्याला पट्टी बदलली की तबलजी हातोडी घेऊन बसणार आणि सूत्रसंचालक तेवढा वेळ काहीतरी बोलत राहणार. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण तिथे गाणी बऱ्याचदा दाखवायच्या क्रमाने शूट होत नाहीत. एका पट्टीची, एकाच वादकसंचाची गाणी सलग उरकतात आणि क्रम एडिटिंगमध्ये लावतात. तुम्हाला प्रेक्षक समोर असल्याने पूर्ण तसं करता येणार नाही, पण निम्मं करता येईल: तीन-तीन गाण्यांचे गट एका पट्टीत बांधा आणि तबलजीला दोन-तीन तबले वेगवेगळ्या पट्टीत लावून आणायला सांगा. द्वंद्वगीतांची पट्टी आधीच ठरवा. काळी एकमध्ये तुमच्या गायिकेचा मुखडा खर्जात बुडेल, काळी चारमध्ये गायकाचा अंतरा फुटेल. मध्ये पांढरी चारच्या आसपास कुठेतरी दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागतं. ते तालमीत ठरवायचं, स्टेजवर नाही.

तुमच्या वाद्यवृंदात जुनी पेटी आणि नवा कीबोर्ड दोन्ही आहेत. जुन्या पेटीचे सूर कीबोर्डच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी क्वचितच तंतोतंत जुळतात. पेटी बदलता येत नाही, कीबोर्ड बदलता येतो. मास्टर ट्यूनिंगमध्ये जाऊन कीबोर्ड पेटीला मिळवून घ्या, आणि बासरीवाल्यालाही त्याच पेटीवर बासरी तपासायला सांगा. ट्रॅकवरची गाणी मात्र ४४० लाच असणार, तेव्हा त्या गाण्यांत पेटी गप्प ठेवा.

कार्यक्रम मैदानात असेल तर आणखी एक. दिवाळीनंतर तुमच्याकडे रात्री दव पडतं आणि तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो. आठ वाजता लावलेला तबला साडेनऊला तिथे राहत नाही. वादकांच्या डोक्यावर छत घ्या, मागून कनात घ्या. भातकापणीच्या दिवसांत पांढऱ्या दिव्यांवर किडे किती येतात ते मी तुम्हाला सांगायला नको. गायिकेच्या समोर खालून वर मारलेला पांढरा दिवा म्हणजे तिच्या तोंडात किडा जाणार हे नक्की. किड्यांना ओढायला स्टेजपासून दूर, मैदानाच्या टोकाला एक मोठा पांढरा हॅलोजन लावून ठेवा आणि तो आधीपासून पेटवा. बेळगावात येऊन बंद सभागृह घ्यायची तयारी असेल तर हे सगळे प्रश्न मिटतात, पण मग गावचे किती लोक येतील हा प्रश्न उरतो. तो तुमचा तुम्ही सोडवा. रौप्यमहोत्सव गावचा आहे, हे माझं मत तेवढं धरा.

कॅमेऱ्यांचं. तीन कॅमेरे पुष्कळ झाले. मधला मागे, स्टँडवर, पूर्ण स्टेजचा शॉट धरून, आणि त्याने हलायचं नाही. दुसरा डावीकडून गायकावर, तिसरा उजवीकडून वादकांवर आणि गरज पडेल तेव्हा प्रेक्षकांवर. दुसरा आणि तिसरा दोन्ही मधल्या कॅमेऱ्याच्या पुढेच, स्टेजच्या मागे कोणी जायचं नाही. नाहीतर कट मारल्यावर गायक डावीकडे बघता बघता अचानक उजवीकडे बघायला लागतो.

पण कॅमेरे असून उपयोग तेव्हाच, जेव्हा कॅमेरावाल्याला पुढे काय येणार ते माहीत असतं. मोठ्या कार्यक्रमात आम्ही प्रत्येक गाण्याचं क्यू शीट करतो. कंट्रोल रूममधून हेडफोनवर सारखं बोलणं चालू असतं, 'दोन तयार, बासरी येतेय, तीन धर, टेक'. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला की त्याला कळतं आपण ऑन आहोत. तुमच्याकडे टॉकबॅक (हेडफोनवर असं बोलायची सोय) नसेल तरी क्यू शीट असू शकतं. एका पानावर उभी यादी: मुखडा, पहिला म्युझिक, अंतरा, दुसरा म्युझिक, आणि समोर कुठलं वाद्य आणि किती आवर्तनं, म्हणजे तालाच्या किती फेऱ्या. केरवा ताल आठ मात्रांचा, लय मिनिटाला १२० मात्रा असेल तर एक आवर्तन चार सेकंदांचं. बासरीचा पीस चार आवर्तनांचा म्हणजे सोळा सेकंद. त्या सोळा सेकंदांत बासरी दिसली पाहिजे, तर कॅमेरा अंतरा संपायच्या आधीच बासरीवर स्थिर झालेला हवा. आपल्याकडच्या व्हिडिओंत बासरी वाजत असते आणि कॅमेरा पेटीवर असतो, मग तो धावत बासरीकडे जातो तोवर गायक परत सुरू. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांचा यात दोष नाही, त्यांना कोणी कागद दिलेला नसतो. तालमीला तिघांनाही बोलवा, कॅमेरे आणले नाहीत तरी चालेल. नुसतं ऐकू दे.

तिन्ही कॅमेरे पंचवीस फ्रेमवर, शटर एकपन्नासांश. आपली वीज पन्नास हर्ट्झची, शटर एकसाठांश ठेवलं तर काही दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलवरून कोणी शूट करणार असेल तर तो बहुतेक तीसवर असतो, तेही बदलून घ्या. व्हाइट बॅलन्स तिघांनी एकच आकडा टाकून हाताने ठेवायचा, ऑटोवर नाही. रंगीत एलईडी मागच्या पडद्यावर हवे तेवढे नाचवा, चेहऱ्यावर मात्र समोरून तिरका, साधा पांढरा दिवा आणि तो गाणं संपेपर्यंत जागचा हलायचा नाही. निळ्या-जांभळ्या प्रकाशातला चेहरा नंतर दुरुस्त होत नाही. मागे एलईडी वॉल घेणार असाल तर गायकाला तिच्यापासून जमेल तेवढं पुढे उभं करा, नाहीतर चित्रात जाळी दिसते. कपड्यांचंही तसंच. बारीक चौकडीचं इरकल डोळ्यांना सुंदर दिसतं, कॅमेऱ्यात ते थरथरतं. मोठ्या काठाची शहापुरी साडी उत्तम. गायकांना शुभ्र पांढरा झब्बा नको, मोतिया चालेल.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलंय, मराठी की कन्नड. माझा अनुभव असा की गाणं ज्या भाषेतलं, त्याच्या आधीची दोन वाक्यं त्या भाषेत, दोन निवेदक, आणि एकाने दुसऱ्याचं भाषांतर करायचं नाही. दोन्ही भाषा कळणारे लोक समोर असताना तीच गोष्ट दोनदा सांगितली की पंगत थंड होते. कन्नड गाणं मराठी गायिका गाणार असेल आणि ती देवनागरीत लिहून घेणार असेल, तर कन्नडमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' तिच्या कागदावर खुणेने वेगळे दाखवा. आपल्या लिपीत ते दिसत नाहीत, आणि तिने सगळे लांबवले तर चिकोडी-गोकाककडच्या प्रेक्षकाला लगेच खटकतं. आणि निवेदकांना आधीच सांगून ठेवा की गावातलं निवेदन लांब चालेल, टीव्हीवर ते कापलं जाणार. आपल्याकडे प्रत्येक निवेदक सुरुवातीला कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४, इथपासून सुरू करतो. अभिमान मलाही आहे, पण माझ्या कात्रीत पहिलं तेच सापडतं.

कारण वेळ. सॅटेलाइट चॅनेलवर तासाला बारा मिनिटांपर्यंतच जाहिराती दाखवायचा नियम आहे, म्हणजे तासाच्या कार्यक्रमात साधारण अठ्ठेचाळीस मिनिटं मिळतात. तुमच्या केबलवाल्याचंही गणित याच्या आसपास असेल. शीर्षक, निवेदन, अध्यक्षांचे दोन शब्द वजा केले की साडेचार मिनिटांची आठ गाणी बसतात, नऊ म्हणजे रेटारेटी. अडीच तासांत तुम्ही चोवीस गाणी ठरवलीत. ती गावासाठी गा, पण त्यातली टीव्हीसाठीची दहा आजच ठरवून ठेवा. चांगली तालीम, चांगले क्यू शीट, ताजे गायक हे सगळं त्या दहांना द्या. त्यातलं एखादं फसलं तर कार्यक्रम संपल्यावर लोकांना दहा मिनिटं बसवून पुन्हा घ्या. लोक बसतात. 'टीव्हीवर यायचंय' म्हटलं की मागच्या रांगेतले पुढे येऊन बसतात.

हक्कांचं. हे कोणालाच आवडत नाही, पण यूट्यूबवर टाकायचं असेल तर वाचा. सिनेमातली किंवा रेकॉर्ड निघालेली गाणी स्टेजवर गाण्यासाठी गीत-संगीताच्या परवान्याचं काम आयपीआरएस ही संस्था बघते, आणि रेकॉर्ड किंवा ट्रॅक वाजवायचा असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. हा परवाना झाला म्हणजे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची मुभा मिळाली असं नाही, ती हक्क ज्याच्याकडे त्याच्याकडून घ्यायची असते. न घेता टाकलंत तर यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते. मग कधी जाहिरातीचे पैसे कंपनीला जातात, कधी व्हिडिओच बंद होतो. कराओके ट्रॅक वापरला तर ती आणखी एका कोणाची तरी मालमत्ता असते. संतांचे अभंग, नाथांची भारुडं, बसवण्णांची वचनं यांच्या शब्दांवर कोणाचा हक्क राहिलेला नाही, पण चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर त्या चालीचा हक्क तो गेल्यानंतरही साठ वर्षं राहतो. म्हणून माझा आग्रह: टीव्हीच्या दहांपैकी निम्मी गाणी तुमच्याच भजनी मंडळाच्या परंपरेतल्या चालींची घ्या. ती दुसऱ्या कोणाकडे नाहीतही.

तारीख घेताना १ नोव्हेंबर सांभाळा, दिवाळी कधी कधी अगदी त्याच आठवड्यात येते. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी संघटनांचा काळा दिनही. पोलीस तिकडे गुंतलेले, साउंडच्या गाड्या तिकडे गेलेल्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा सहाला सुरू करा आणि सत्कार मध्ये घुसवू नका. सगळे सत्कार एकदम, टीव्हीची पहिली पाच गाणी झाल्यावर. म्हणजे वादकांना चहा मिळतो आणि कॅमेरेवाल्यांना बॅटरी बदलता येते.

शेवटचं, केबलवाल्याला द्यायच्या फायलीचं. काही केबलवाल्यांच्या यंत्रात डावा-उजवा आवाज एकत्र होऊन एकच होतो, आणि मिक्स करताना रुंदी आणायला दिलेले इफेक्ट एकमेकांना खाऊन टाकतात. स्टुडिओत छान वाटणारा कोरस तिथे पोचतो तेव्हा गायब असतो. म्हणून मिक्स झाल्यावर ते मोनो करून ऐका. यूट्यूबची फाइल आणि केबलची फाइल वेगळ्या काढा. यूट्यूब साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या एकूण जोराचं माप) वरचा आवाज स्वतःच खाली आणतं, टीव्हीच्या फायली बऱ्याचदा त्याहून हळू, उणे तेवीसला मागतात. तुमच्या केबलवाल्याला काय लागतं ते त्याला विचारा. त्याला आकडा माहीत नसेल तर पहिली दोन मिनिटं त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच टीव्हीवर, त्याच्या नेहमीच्या एखाद्या कार्यक्रमाला लागून वाजवून बघा. रिमोट हातात घ्यावासा वाटला तर फाइल परत आणा.